अँजेलाचा तास

गरीब चित्रकाराला प्रेम गवसतं, अशी फ्रँक बोर्झेगी यांच्या ‘स्ट्रीट एंजल’ (१९२८) या मूकपटाची ओळख करून दिली जाते. ही ओळख अँजेलावर अन्याय करणारी आहे. नेपल्समधली ही मुलगी आजारी आईच्या औषधासाठी रस्त्यावर उभी राहते, ते जमत नाही म्हणून पैसे उचलायला जाते आणि पकडली जाते. शिक्षा चुकवून ती सर्कशीत लपते. तिथे तिला जिनो हा भटका चित्रकार भेटतो. त्यानं काढलेल्या चित्रात ती थेट मेरीमातेसारखी उतरते. पुढे तंगीत ते चित्र विकावं लागतं. घेणारे त्यावर हात फिरवून ते जुन्या उस्तादाचं म्हणून खपवतात.

जिनोला मोठं काम मिळतं, लग्नाचे बेत सुरू होतात, आणि त्याच दिवशी पोलीस दारात येतो. अँजेला पोलिसाकडे एक तास मागून घेते. त्या तासात अँजेला साकारणाऱ्या जेनेट गेनरनं जे केलंय ते पुन्हापुन्हा पाहावं. जिनोला काही कळू द्यायचं नाही, म्हणून ती त्याच्यासोबत जेवते, हसते, त्याच्या आनंदात आनंद दाखवते. हसता हसता डोळे भरून येतात. चित्रपटाला ध्वनिमुद्रित संगीत आहे, या दोघांची खूण असलेली ‘ओ सोले मिओ’ या गाण्याची शीळही ऐकू येते, पण संवाद नाहीत. बोलपटात इथे कुणीतरी एखादं सूचक वाक्य घातलं असतंच. इथे सगळा भार गेनरच्या चेहऱ्यावर आहे, आणि तिनं तो पेललाय. पहिल्या ऑस्करमध्ये तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला तो तीन चित्रपटांसाठी मिळून. त्यांतला हा एक.

जिनोबद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्या तासानंतर त्याला न सांगता तुरुंगात गेलेली अँजेला सुटून धक्क्यावरच्या धुक्यात दिसते तेव्हा, तिनं आपल्याला फसवलं या समजुतीनं, तो तिच्या जिवावर उठतो. पाठलाग करत चर्चमध्ये शिरतो, तिचा गळा धरतो, आणि वर नजर जाताच थांबतो, कारण तिथे त्यानंच काढलेलं तिचं चित्र लावलेलं असतं. जिवंत अँजेला समोर असताना जे पटलं नाही, ते स्वतःच्या चित्रानं पटवलं! कलावंताच्या हालअपेष्टांवर आपण किती हळहळतो. त्या हालांत त्याला साथ देणाऱ्या बाईला मात्र आधी देव्हाऱ्यात बसावं लागतं, मग तिला क्षमा मिळते. बोर्झेगींनी हा शेवट मनापासून, भक्तिभावानं रंगवलाय. धुक्याचं आणि सावल्यांचं ते छायाचित्रण अप्रतिमच आहे. तरी फिल्म सोसायट्यांनी हा चित्रपट दाखवला, तर नंतरच्या चर्चेत जिनोच्या दारिद्र्याआधी अँजेलाच्या त्या तासाबद्दल बोलावं.