पन्नी नको, डबा घ्या!

पुण्या-मुंबईत जिला ‘कॅरीबॅग’ म्हणतात, तिला आमच्या बुलडाणा जिल्ह्यात ‘पन्नी’ म्हणतात. नाव गावरान असलं तरी फंडा सेम! अर्धा किलो वांगी, एक पन्नी. पावभर मिरच्या, दुसरी पन्नी. दहा रुपयांची कोथिंबीर, तिलाही पन्नी. आणि हे सगळं घरी न्यायला वरून एक मोठी पन्नी.

बंदी नाही का? आहे की! महाराष्ट्राने 2018च्या मार्चमध्ये बंदी आणली आणि 23 जूनपासून दंडही सुरू केला. पहिल्यांदा सापडलात तर 5,000 रुपये, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिने कैद. नंतर 1 जुलै 2022पासून देशभर प्लास्टिकच्या ताटल्या, कप, चमचे, स्ट्रॉ यांचीही सुट्टी झाली. पण कायदा फार तर दुकानाच्या काउंटरपर्यंत येतो. तुमच्या ओट्यापर्यंत कोण येणार?

मागच्या दिवाळीत खामगावला घरी होते, तेव्हा मी आणि दादाने एक उद्योग केला. आठवडाभर घरात आलेलं सगळं प्लास्टिक एका पोत्यात साठवलं आणि रविवारी अंगणात ओतलं. दुधाच्या पिशव्या होत्या, बिस्किटांची वेष्टणं होती, पण ढीग खरा कशाचा, तर ‘येताना’चा! म्हणजे संध्याकाळी सहाला आईचा फोन : “येताना दही आणशील.” दादा ऑफिसातून थेट दुकानात, हातात हेल्मेट आणि मोबाइल. दही पन्नीत, टमाटे पन्नीत, कचोऱ्या कागदात पण त्यांची चटणी पन्नीत. ठरवून केलेल्या बाजाराला आई थैली घेऊनच जाते. घोळ होतो तो आपल्यासारख्या नोकरदार मंडळींच्या घाईत.

आणि या पन्न्यांचं पुढे काय होतं, हेही आपण बघत नाही. आई त्या धुते, वाळवते, एका पन्नीत बाकीच्या कोंबून ठेवते. (हे ‘पन्न्यांचं गाठोडं’ तुमच्याही दाराआड लटकत असणार, पैज!) त्यातल्या फाटक्या गावाकडे आजीच्या बंबात जातात. पन्नीने लाकूड झटकन पेटतं, रॉकेलही लागत नाही. पण तो काळा, चिकट धूर सर्वांत आधी जातो बंबाशी वाकलेल्या आजीच्या छातीत. तिचा खोकला पन्नीमुळेच आहे, असं मी म्हणणार नाही. पण खोकणाऱ्या माणसासमोर प्लास्टिक जाळू नये, हे कळायला डॉक्टर कशाला हवा? कचरा असा उघड्यावर जाळायला घनकचरा नियमांतही मनाई आहे. आजीला नियम सांगून उपयोग नव्हता. पन्नी घरात आणायचीच नाही, हाच उपाय होता.

सो, दादाच्या बाइकच्या डिकीत आता दोन वस्तू मुक्कामाला असतात : घडीची कापडी थैली आणि झाकणाचा स्टीलचा डबा. पहिल्या दिवशी दहीवाला हसला, “डब्बा कायले आनला भाऊ, पन्नी हाय ना!” आठवड्याभरात तोच मागून घ्यायला लागला, “द्या तुमचा डब्बा.” डब्याचं वजन आधी करायला सांगायचं, नाहीतर स्टील दह्याच्या भावात पडतं! आणि घरातला नियम असा, की ज्याने वस्तू आणली त्यानेच डबा घासून परत डिकीत ठेवायचा. ‘प्लास्टिकमुक्त घर’ म्हणजे आईच्या सिंकमध्ये चार भांडी जास्त, असं होणार असेल तर ते कूल नाही, बॉस.

थैली विकत घ्यायला मात्र पळू नका. दुकानात मिळणारी ती कापडासारखी रंगीत नॉन-वोव्हन पिशवी कापड नसतेच, ते पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. तिच्या काठाला सुताचा धागा निघत नाही, यावरून ओळखा. आणि खऱ्या सुती पिशवीलाही कापूस, पाणी, वीज लागतेच. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018मध्ये हिशेब मांडला होता. फक्त हवामानावरचा परिणाम धरला तरी सुती पिशवी निदान 52 वेळा वापरली तरच ती प्लास्टिकच्या पिशवीला भारी पडते. पाणी वगैरे सगळंच मोजलं, तर आकडा हजारांत जातो. म्हणजे दर एक्झिबिशनमध्ये नवी टोट बॅग घेणं हे पर्यावरणप्रेम नाही, शॉपिंग आहे!

गंमत बघा, आमचं खामगाव कापसाचं गाव. इथला कापूस न्यायला जलंबपासून तेरा किलोमीटरचा खास रेल्वे फाटा टाकला, तोही 1870मध्ये. आणि त्याच गावात भाजी पन्नीत! आमच्या घरच्या तिन्ही थैल्या आईने जुन्या कपड्यांच्या शिवल्यात. पैसे शून्य.

दुधाची पिशवी सुटत नाही, मान्य. कोपरा कापताना तो तुकडा पूर्ण तोडू नका, पिशवीला लटकता राहू द्या. सुटा तुकडा मोरीतून नालीत जातो, भंगारवाल्याच्या हाती लागत नाही. लटकता राहिला, तर धुऊन वाळवलेल्या पिशवीबरोबर तोही किलोवर विकला जातो.

दादाची थैली त्याच्या कॉलेजच्या जीन्सची आहे. मागचा खिसा आईने तसाच ठेवलाय, सुट्टे पैसे त्यातच असतात. त्याच्या ऑफिसातल्या दोघांनी तशीच शिवून मागितली. आईने शिलाई सांगितली : प्रत्येकी पन्नास रुपये, जीन्स आपापली आणायची.