साखरेचा गुन्हा, भाकरीला शिक्षा

मधुमेहाच्या धास्तीने आपल्या मध्यमवर्गीय घरांत सध्या एका नव्या व्रताची चलती आहे. साखर सोडायची आणि तिच्याबरोबर सारी धान्येही सोडायची. पोळी नको, भात नको, भाकरीही नको. त्याऐवजी बदामाचे पीठ आणि पनीर! धास्ती अनाठायी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज दिला. रोग खरा आहे. पण साखरेच्या गुन्ह्यासाठी भाकरीला शिक्षा का?

साखरेची गय करण्याचे कारण नाही. वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि ५ टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहिल्यास अधिक उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. चार कप गोड चहातच हा हिशेब संपतो. सणाच्या नैवेद्याने आपला समाज आजारी पडला नाही. रोजचा चहा, बिस्किटे आणि बाटलीबंद पेये यांनी पाडला.

धान्याचे तसे नाही. चरकसंहितेने प्रमेहाच्या कारणांत सुखाने बसून राहणे, अतिनिद्रा, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ सांगितले. पण त्याच प्रमेहाच्या रुग्णाला जवाचे अन्न पथ्य म्हणून दिले. धान्याधान्यांतील हा विवेक ज्या परंपरेने केला, तिच्या वारसांनी सरसकट धान्यत्याग हे शहाणपण मानावे काय?

पेढ्यासाठी प्रसिद्ध असलेले अहिल्यानगर जिल्ह्यातील राजूर पाहा. आसपासच्या डोंगरउतारांवर महादेव कोळी आणि ठाकर बांधव राब भाजून, रोपे लावून पिढ्यान्‌पिढ्या नागली आणि वरई पिकवीत आले. १०० ग्रॅम नागलीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते नाममात्र. याच डोंगरांतील प्रवरेचे पाणी १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणातून खाली गेले, तेथे ऊस फुलला आणि १९५० साली लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण उसाला पाणी, कारखाना आणि बाजार मिळाला, तसे नागलीला काय मिळाले? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याला स्थान होते. तरी शिधावाटप दुकानातून प्रामुख्याने गहू-तांदूळच आला. याच अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे जपले, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. आपण टाळ्या वाजविल्या. आता त्याच बियाण्याचे पीक ताटातून हद्दपार करणार?

कार्यकर्त्याने तर याचा विशेष विचार करावा. वाडीवर मुक्काम पडतो, चुलीवर भाकरी भाजली जाते, सोबत उडदाची आमटी असते. त्या घरी ‘मला धान्य वर्ज्य आहे’ असे सांगायचे? बदामावर जगण्याची ऐपत किती कुटुंबांना आहे? जो आहार गरिबाच्या पंक्तीतून उठवतो, तो समाजाचा आहार होऊ शकत नाही.

अर्थात नागली म्हणजे जादू नव्हे. तिच्यातही पिष्ट आहेच. चार भाकऱ्या खाऊन दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला ती तारणार नाही. धान्याचे प्रमाण घटविल्याने काही मधुमेहींना लाभ होतो, हेही खरे. पण ते प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने परस्पर धान्य तोडणे धोक्याचे आहे.

बाकीच्यांनी घरापासून आरंभ करावा. चहातली साखर बंद करा, बिस्किटांचा डबा रिकामा ठेवा, मैदा दूर सारा. पोळ्यांची संख्या घटवून डाळ, उसळ, पालेभाजी वाढवा. आठवड्यातून तीन दिवस नागली किंवा ज्वारीची भाकरी करा आणि ते धान्य शक्य तेथे थेट शेतकऱ्याकडून, त्याला परवडेल अशा भावाने घ्या. शहरातले ताट सुधारले, तर राजूरच्या उतारावरची नागलीही टिकेल.