गोळी सोडू नका, त्रास बोला

सुगीत भात कापता कापता बाई मध्येच उठून बांधावर बसली, की घरचे म्हणतात, "ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली, आता काय झालं हिला?" झाले ते असे. स्तनाच्या कर्करोगानंतर पुष्कळ भगिनींना टॅमॉक्सिफेनची, नाहीतर पाळी गेलेल्यांना लेट्रोझोलची गोळी रोज घ्यावी लागते. 5 वर्षे, कधी 10 सुद्धा. इस्ट्रोजेनवर पोसणारा रोग पुन्हा उठू नये म्हणून ती असते. पण तिच्यामुळे अंगातून एकाएकी गरम वाफा येतात, रात्री घामाने झोप मोडते. लेट्रोझोलने सकाळी सांधे आखडतात, विळा मुठीत धरवत नाही. हाडेही विरळ होतात.

मग ती गुपचूप गोळी सोडते. माझ्या मते यात दोष तिचा कमी, तिला आळशी म्हणणाऱ्या घराचा जास्त. नवऱ्याने सोबत जाऊन डॉक्टरांना सगळे सांगावे. गोळी बदलूनही मिळते. रोज अर्धा तास चालल्याने अनेकींच्या सांध्यांना उतार पडतो (शेतातले वाकून राबणे यात धरू नये!). हाडांसाठी नाचणी, तीळ, दूध पोटात जावे. उदासीवरच्या काही गोळ्या टॅमॉक्सिफेनचा गुण कमी करतात, म्हणून दुकानातून परस्पर काही आणू नये.

पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, किंवा एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कापणी अर्धी राहिली तरी.