हुशार मूल आणि उसाचा हंगाम



दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील गावेच्या गावे ऊसतोडीस बाहेर पडतात. मुकादमाची उचल घरात खर्ची पडलेली असते. नवरा-बायकोचा एक कोयता ठरतो आणि धाकट्याला सांभाळावयास आठवीतले लेकरूही सोबत निघते. सांगली-कोल्हापूरकडच्या वा कर्नाटकातील फडातून ते परतते तोवर मार्च उजाडलेला असतो.

नुकसान सर्वच मुलांचे होते. परंतु वर्गातील कुशाग्र मुलाचे जे नुकसान होते, ते कोणाच्या ध्यानीही येत नाही. आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र शासनाची आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा आहे. निवड झालेल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे. सातवीत ५५ टक्के, अनुसूचित जातीच्या मुलास ५० टक्के गुण पुरतात. शाळा मात्र शासकीय, जिल्हा परिषदेची वा अनुदानित हवी. ही परीक्षा महाराष्ट्रात बहुधा डिसेंबरात होते, म्हणजे ऐन गळिताच्या हंगामात! जिच्यावर त्याचा पहिला हक्क, त्या परीक्षेच्या दिवशी ते मूल कोपीत चूल फुंकीत असते.

“पोर हुशार आहे, कुठेही शिकेल,” असे तुम्ही म्हणता. हे खरे नव्हे. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. त्यांच्या बुद्धीत काय उणे होते? तरीही केळुसकर गुरुजींना त्यांच्यासाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकावा लागला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा कॉलेजचे शिक्षण पुढे चालले.

अर्ज शाळेमार्फतच भरला जातो. म्हणून गाव सोडण्यापूर्वी मुख्याध्यापकांना भेटा व अर्ज भरल्याचे डोळ्यांनी पाहा. मुदत उलटल्यावर माझ्याकडे कागद घेऊन येणारे पालक मी पाहिले आहेत. तेथे वकील तरी काय करणार?

धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ अभिमानाने लिहा. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातीचे हक्क मिळाले आहेत. पण जातीच्या दाखल्यास वाडवडिलांच्या जुन्या नोंदी लागतात. आजोबांच्या शाळेचा उतारा पत्र्याच्या पेटीत जपून ठेवा.

मुकादम कुरकुर करील. त्यास सांगा की उचल आमच्या नावची आहे, अज्ञान मुलाला तिने बांधता येत नाही.

आता मुलींविषयी. मागे ठेवावयास भीती वाटते म्हणून तिला फडावर नेता आणि पुढे त्याच भीतीने लवकर उजवून टाकता. तुमच्या शाळेत हंगामी वसतिगृह आहे काय, याची चौकशी करा. नसल्यास ज्या उपासकांच्या घरी आजी-आजोबा गावीच राहतात, त्यांनी शेजारची एक मुलगी हंगामभर आपल्या घरी ठेवून घ्यावी. तिच्या पोटापुरते धान्य आई-बापांनी निघतानाच तेथे पोहोचते करावे.