पुस्तक जाड आहे हो, पण खरं बोलतं का?

परवा शनिवारी अप्पा बळवंत चौकात गेलो होतो. शेजारच्या काकूंची मुलगी नुकतीच बी.कॉम. होऊन एका ऑफिसात लागली आहे. "तुला कॉम्प्युटर येतो ना?" असं म्हणून साहेबांनी एक्सेलचे सगळे रिपोर्ट तिच्या गळ्यात मारले. आता तिला मॅक्रो शिकायचेत, तर "दादा, चांगलं पुस्तक आणाल का?" अशी फर्माईश. दुकानदारानं चार पुस्तकं पुढ्यात टाकली. "हे घ्या साहेब, आठशे पानं आहेत, सगळं आहे यात."

सगळं आहे! हेच ऐकून मीही एकदा फसलो होतो.

नोकरीची पहिलीच वर्षं. भोसरीच्या एका कारखान्याच्या ओव्हरटाइमचा हिशोब आमच्याकडे आला. नियम साधा: अर्धा तास किंवा जास्त भरला तर पूर्ण तास धरायचा. आधी हे शीटवरच्या फॉर्म्युल्यात चालायचं, मी ते व्हीबीएमध्ये आणलं. पुस्तकात राउंड फंक्शनवर दोन ओळी होत्या, खाली पायची किंमत दोन दशांशांपर्यंत आणलेली. झालं. मी १.५ टाकून पाहिलं, २ आलं. ३.५ टाकलं, ४ आलं. खूश!

चार महिन्यांनी तिथले एक जुने फिटर छोटी डायरी घेऊन टाइम ऑफिसात आले. रोजचे तास त्यांनी पेनानं लिहून ठेवले होते. "साहेब, अडीच तास थांबलो की तुमचं मशीन दोनच धरतंय."

मशीन बरोबर होतं, चुकलो मी होतो. एक्सेलच्या शीटवरचं राउंड २.५ चे ३ करतं. व्हीबीएचं राउंड त्याच २.५ चे २ करतं, कारण ते बरोबर अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतं. म्हणजे १.५ आणि ३.५ ठीक, २.५ आणि ४.५ ला कात्री. नाव एकच, उत्तरं दोन! मी नेमके विषम आकडे तपासले होते. सगळा हिशोब परत केला, पुढच्या पगारात फरक मिळाला. पण मधल्या काळात काहीजण काम सोडून गेले होते. त्यांना पैसे पोचले की नाही, मला आजही माहीत नाही.

तेव्हापासून मी अशी पुस्तकं पानं मोजून किंवा मुखपृष्ठावरचे तारे बघून घेत नाही. दुकानात उभ्या उभ्या तीन गोष्टी बघतो.

एक, राउंड. वरचा फरक सांगितलाय का? नसेल तर लेखकानं पैशाचा हिशोब मॅक्रोत कधी केलेला नाही, किंवा केला असेल तर तपासलेला नाही.

दोन, 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट'. म्हणजे चूक झाली तरी ब्र न काढता पुढच्या ओळीवर जा. याला जागा आहे, पण एखाददुसऱ्या ओळीपुरती. जे पुस्तक ही ओळ प्रत्येक मॅक्रोच्या डोक्यावर लावून त्याला 'एरर हँडलिंग' म्हणतं, ते थर्मामीटर फोडून ताप उतरवतंय. याच्या उलट 'ऑप्शन एक्स्प्लिसिट' पहिल्या उदाहरणापासून हवं, नाहीतर नावातलं एक अक्षर चुकलं की नवाच रिकामा व्हेरिएबल जन्माला येतो आणि कोणी बोलत नाही.

तीन, मर्यादा. ओळी मोजायला 'इंटिजर' वापरलाय का? तो ३२,७६७ ला संपतो. शेवटची ओळ म्हणून ६५,५३६ हा आकडा ठोकून दिलाय का? एक्सेल २००७ पासून शीटला १०,४८,५७६ ओळी आहेत. ही जुनी मर्यादा काय करते ते २०२० मध्ये इंग्लंडनं पाहिलं. जुन्या एक्सएलएस फाइलीत ओळी मावल्या नाहीत आणि कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून आठवडाभर गळले. त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही तेवढाच लांबला.

आता काहीजण म्हणतील, "अरे, नवशिक्यांना घाबरवू नकोस, आधी मजा तर येऊ दे." मला हा युक्तिवाद अजिबात पटत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या कोडवर टेस्टर असतो, रिव्ह्यू असतो, चार डोळे असतात. ऑफिसात मॅक्रो लिहिणाऱ्या मुलीच्या मागे कोण असतं? कोणी नाही. तिचं पुस्तकच तिचा टेस्टर. मग तेच जास्त कडक नको?

आणि "आता पुस्तक कोण वाचतं, एआयला विचारा" असं म्हणणाऱ्यांनाही तेच सांगेन. विचारा की! पण मिळालेल्या कोडला याच तीन चाळण्या लावा.

चांगली पुस्तकं नाहीत असं नाही हं. बुलेन, बोव्ही आणि ग्रीन यांचं 'प्रोफेशनल एक्सेल डेव्हलपमेंट' (२००५) घ्या. ते नवशिक्यांचं नाही, पण चुका कशा पकडायच्या यावर त्यात अख्खं प्रकरण आहे. तोच प्रामाणिकपणा दोनशे पानांच्या पुस्तकातही मावतो. दुकानदारानं दिलेल्या चारातलं सगळ्यात बारीक पुस्तक तिन्ही चाळण्यांतून पार झालं. तेच घेतलं. दुकानदार जरा नाराज दिसला.

असो. तुमच्या कपाटातलं जाडजूड पुस्तक आज काढा आणि राउंडचं पान उघडा. तिथे २.५ चं काही नसेल, तर महिनाअखेरीच्या आत तुमचा मॅक्रो एकदा तपासून घ्या. प्रत्येकाकडे डायरी नसते.