ओसरीवरून : अनवाणी अकरा

गेल्या महिन्यांतील एका रात्रीची गोष्ट. घरांतील धाकटी मंडळी दूरचित्रवाणीपुढें बसून परदेशांतील कोणत्याशा फुटबॉल-क्लबाचा सामना पाहत होती. मध्यरात्र उलटून गेली तरी कोणी उठेना. शेवटीं आमच्या वृद्ध मातोश्री माजघरांतून बाहेर आल्या. सामना संपला होता आणि धाकट्या नातवाच्या डोळ्यांना पाणी आलें होतें. त्यांनीं विचारलें, "अरे, हरले ते तुझे कोण लागतात?" नातवाला उत्तर सुचलें नाहीं. मी मात्र अंथरुणावर पडल्यापडल्या त्या प्रश्नाचा विचार करूं लागलों, तेव्हां मला ना इंग्लंड आठवलें ना स्पेन. आठवलें तें कलकत्ता. अकरा खेळाडू साऱ्या समाजाचे कोण लागतात, याचें उत्तर त्या शहरानें एकदां मोठ्या थाटानें दिलें होतें.

बंगाली मनुष्य देहानें दुबळा व मनानें भित्रा, असा शेरा मेकॉलेसाहेबांनीं १८४१ सालीं वॉरन हेस्टिंग्जवरील निबंधांत मारून ठेवला होता. पुढील पिढ्यांना तो इंग्रजी विद्येबरोबरच गिळावा लागला. एखाद्या समाजाला सतत दुबळें म्हणत राहिलें कीं तो समाज स्वतःहि तसें मानूं लागतो. खरी हानि ती. तिच्यावर उतारा म्हणून बंगालमध्यें आखाडे निघाले, व्यायामशाळा निघाल्या, आणि गोऱ्या पलटणींबरोबर आलेला फुटबॉलहि तेथील तरुणांनीं उचलला. गीतेच्या अध्ययनापेक्षां फुटबॉलनें तुम्ही स्वर्गाच्या अधिक जवळ जाल, असें स्वामी विवेकानंदांनीं १८९७ सालीं मद्रासच्या तरुणांना सांगितलें होतें. गीतेचा नित्यपाठ चालणाऱ्या आपल्या घरांना हे उद्गार अजूनहि दचकवितील. परंतु स्वामींचा रोख गीतेवर नव्हता. दंडांत बळ असल्याशिवाय गीताहि नीट कळत नाहीं, एवढेंच त्यांना सांगावयाचें होतें.

१५ ऑगस्ट १८८९ रोजीं उत्तर कलकत्त्यांत मोहन बागान क्लब स्थापन झाला. मोहन बागान हें मूळ एका वाड्याचें नांव. त्याच्या आवारांत मुलें खेळत, म्हणून क्लबासहि तेंच नांव पडलें. पहिले अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसु. हेच गृहस्थ पुढें १९१४ सालीं मद्रासच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले, यावरून क्लबाभोंवतालची हवा कोणती होती हें ध्यानीं येईल. परंतु क्लबाचें काम मात्र खेळाचें. सभा व ठराव यांना तेथें जागा नव्हती.

त्या वेळचें मानाचें पारितोषिक म्हणजे आय. एफ. ए. शील्ड. १८९३ पासून १८ वर्षें ती गोऱ्या संघांनींच जिंकली होती. १९११ च्या पावसाळ्यांत शिवदास भादुरी यांच्या नेतृत्वाखालीं मोहन बागानचा संघ एकेक पायरी चढत गेला. रायफल ब्रिगेड हरली. मिडलसेक्स पलटणीशीं पहिला सामना बरोबरींत सुटला, पण दुसऱ्यांत ती तीन गोलांनीं हरली. संघांत कोणी कचेरींत नोकरी करणारा, कोणी कॉलेजांतील विद्यार्थी. अकरांपैकीं दहा जण अनवाणी खेळत. बूट घालणारे एकच, सुधीर चतर्जी. ते ख्रिस्ती असून अध्यापक होते. समोरच्या सोजिरांच्या पायांत जड बूट. अशा बुटाचा घाव उघड्या पायावर बसला म्हणजे काय होतें, याची कल्पना ज्यानें त्यानें करावी.

शनिवार, २९ जुलै १९११. अंतिम सामना ईस्ट यॉर्कशायर पलटणीशीं. बाहेरगांवाहून आगगाड्या भरभरून माणसें आलीं. मैदानावरील गर्दीचे अंदाज ६० हजारांपासून १ लाखापर्यंत दिले जातात. इतक्या मागें उभ्या असलेल्यांना दिसणार काय? म्हणून आकाशांत पतंग उडवून गोलांची वार्ता कळविली, असें सांगतात. उत्तरार्धांत पहिला गोल गोऱ्यांनीं केला. थोड्याच वेळानें शिवदासांनीं बरोबरी साधली, आणि सामना संपत आला असतां अभिलाष घोषांनीं दुसरा गोल केला. दोन विरुद्ध एक! शील्ड प्रथमच हिंदी संघाकडे आली. मुसलमान क्रीडाप्रेमीहि त्या दिवशीं आनंदानें वेडे झाले होते, ही गोष्ट पुढील कथेसाठीं वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

या विजयाची एक आख्यायिका बंगालमध्यें घरोघर सांगतात. मैदानावरून परततांना एका वृद्ध ब्राह्मणानें फोर्ट विल्यमवरील युनियन जॅककडे बोट दाखवून खेळाडूंना विचारलें, "हें जमलें, पण तें खालीं कधीं आणणार?" कोणीतरी उत्तरला, "पुन्हां शील्ड जिंकूं तेव्हां." आख्यायिकेला पुरावा मागूं नये, परंतु मोहन बागानने शील्ड पुन्हां जिंकली ती ३६ वर्षांनीं, १९४७ सालीं, हें मात्र खरें आहे.

येथें थोडा विवेकहि हवा. त्याच वर्षीं १२ डिसेंबरला दिल्ली दरबारांत बंगालची फाळणी रद्द झाली व राजधानी दिल्लीस हालली. हा फुटबॉलचाच प्रताप, असें म्हणणारे भाविक आजहि भेटतात. चेंडूच्या एका ठोकरीनें साम्राज्यें हालत नाहींत. फाळणी रद्द झाली त्यामागें १९०५ पासूनचें आंदोलन होतें. मोहन बागानने केलें तें याहून लहान, पण अधिक टिकाऊ होतें. राज्यकर्त्यांचा खेळ, राज्यकर्त्यांचे नियम, राज्यकर्त्यांचीच स्पर्धा. आणि त्या साऱ्यांत त्यांना उघड्या पायांनीं जिंकतां येतें, हें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें. मेकॉलेच्या शेऱ्याला तें उत्तर होतें. मुंबईनेंहि पुढें हा संघ पाहिला. १९२३ सालीं तो येथील रोव्हर्स चषकाच्या अंतिम सामन्यांत पोंचला व डरहम पलटणीकडून हरला. तो चषक त्याच्या हातीं आला १९५५ सालीं.

परंतु ज्या संघानें साऱ्या देशाला एक केलें, त्याच्याच अंगणांत पुढें भिंती उठल्या. १९२० सालीं एका सामन्यांतून पूर्व बंगालच्या एका खेळाडूस वगळल्याचा राग येऊन सुरेशचंद्र चौधरी यांनीं जोडाबागान क्लब सोडला व सहकाऱ्यांसह ईस्ट बेंगॉल क्लब काढला. मौज अशी कीं, १९११ चे नायक शिवदास व त्यांचे बंधु विजयदास हे मूळचे पूर्व बंगालमधील फरीदपूरचे! पुढें मात्र पश्चिमेकडील तो मोहन बागानचा आणि पूर्वेकडील तो ईस्ट बेंगॉलचा, अशी वांटणीच झाली. ती स्वयंपाकघरापर्यंत पोंचली. ईस्ट बेंगॉल जिंकला कीं त्याच्या घरीं हिलसा मासा, मोहन बागान जिंकला कीं कोळंबी. (आपल्यांतील सारस्वत बंधूंस हा भेद विशेष रुचेल, इतरांनीं श्रीखंड व बासुंदी समजावें.)

दुसरी भिंत अधिक दुःखाची. १९३४ सालीं मोहमेडन स्पोर्टिंगने कलकत्ता लीग जिंकली. असें करणारा तो पहिलाच हिंदी संघ. पुढें १९३८ पर्यंत ओळीनें पांच वर्षें लीग त्याच्याकडेच राहिली. पराक्रमाच्या दृष्टीनें ही कामगिरी १९११ हून उणी म्हणतां येणार नाहीं. परंतु काळ पालटला होता. हिंदु व मुसलमान यांच्यांतील दुराव्याची छाया मैदानावर पडली, आणि १९११ चा आनंद जसा सर्वांचा झाला तसा हा होऊं शकला नाहीं.

आणि १९४७? ज्या वर्षीं तो ध्वज खालीं आला, त्याच वर्षीं बंगालची पुन्हां फाळणी झाली. शील्डच्या अंतिम सामन्यांत मोहन बागानसमोर उभा होता तो गोरा संघ नव्हे, ईस्ट बेंगॉल होता. परका समोरून गेला, आतां समोर भाऊच उरला. गांव व घर गमावून आलेल्या निर्वासितांना पुढें ईस्ट बेंगॉल हेंच आपलें उरलेलें गांव वाटलें. त्या वेडाला कोण हंसेल? पण अभिमानाला शत्रु लागतोच असें ठरलें कीं काय होतें, तें १६ ऑगस्ट १९८० रोजीं दिसलें. ईडन गार्डन्सवर या दोन संघांच्या सामन्यांत प्रेक्षकांत मारामारी होऊन १६ जण मृत्यु पावले. कोणाचे तरी ते मुलगे होते, कोणाचे तरी भाऊ.

म्हणून ऑगस्ट २०२४ मधील एक दृश्य मला १९११ च्या विजयाइतकेंच मोलाचें वाटतें. कलकत्त्यांतील एका सरकारी रुग्णालयांत कामावर असलेल्या तरुण डॉक्टरणीची निर्घृण हत्या झाली होती. शहर खवळलें होतें. १८ तारखेचा मोहन बागान व ईस्ट बेंगॉल यांचा सामना सुरक्षिततेच्या कारणावरून रद्द करण्यांत आला. तरीहि दोन्ही संघांचे लोक सॉल्ट लेकच्या क्रीडांगणाबाहेर जमले, मोहमेडनचेहि आले. एका संघाच्या माणसानें दुसऱ्या संघाच्या माणसाला खांद्यावर घेतलें, पोलिसांच्या लाठ्याहि एकत्रच खाल्ल्या, आणि त्या मुलीसाठीं न्याय मागितला. त्या संध्याकाळीं गोल कोणीच केला नाहीं.

ही सारी हकीकत मी दुसऱ्या दिवशीं मातोश्रींना सांगितली. त्यांनीं ती वाती वळतां वळतां शांतपणें ऐकली, आणि म्हणाल्या, "म्हणजे भाऊबंद लागतात म्हण कीं. रोजचें भांडण बांधावरून. पण आळींतल्या लेकीवर प्रसंग आला कीं सगळे एका दारांत उभे." मग नातवाकडे वळून त्यांनीं विचारलें, "तुझ्या त्या परदेशांतल्या क्लबाचें असें कांहीं आहे का रे?" तो विचारांत पडला आहे. उत्तर सांपडेपर्यंत त्याला मध्यरात्रीं जागण्याची परवानगी मिळाली आहे.