लाल डोळा हटत नसेल, तर थांबू नका

‘डोळे आलेत, चार दिवसांत जातील’ असं म्हणून मेडिकलमधून थेंबांची बाटली आणायची, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. बहुतेकदा डोळा बराही होतो. पण एकच डोळा आठवडेच्या आठवडे लाल राहिला, थोडा पुढे आला, एकाचे दोन दिसू लागले, रात्री उशीवर डोकं टेकताच नाडीच्या ठेक्यावर ‘सूं सूं’ ऐकू येऊ लागलं, तर ते डोळे येणं नव्हे.

डोळ्यामागे, कवटीच्या तळाशी, कॅव्हर्नस सायनस ही शिरांची पोकळी असते. मेंदूला रक्त पुरवणारी कॅरोटिड धमनी तिच्यातूनच जाते. ही धमनी तिथे फाटली, किंवा आसपासच्या बारीक धमन्या शिरांना जोडल्या गेल्या, की जोराचं रक्त थेट शिरांत घुसतं. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागल्यावर हे होतं; पन्नाशी-साठीतल्या बायकांना तर काहीही न लागता होतं. डोळ्यातलं पाणी ज्या शिरांत उतरतं, त्याच तुंबतात. त्यांच्यातला दाब एरवी पाऱ्याच्या 8 ते 10 मिलिमीटर असतो. तो चढला की डोळ्याचा दाबही 21 च्या वर जातो. मग काचबिंदू होतो, डोळ्याची नस वाळते आणि गेलेली नजर परत येत नाही.

काचबिंदूचे थेंब दाब थोडाफार आवरतात, पण चुकीची जोडणी बंद करत नाहीत. मनाने घातलेले स्टिरॉइडचे थेंब तर दाब आणखी वाढवू शकतात. खूण मात्र समोरच असते: बुबुळाच्या कडेपर्यंत आलेल्या, जाड, नागमोडी, लालभडक शिरा. मिटलेल्या पापणीवर स्टेथोस्कोप ठेवला तर कधीकधी तो आवाज डॉक्टरांनाही ऐकू येतो. नेत्रतज्ज्ञ मित्रांनो, एवढं एक मिनिट प्रत्येक हट्टी लाल डोळ्याला द्याच.

1809 मध्ये लंडनच्या बेंजामिन ट्रॅव्हर्स यांनी अशा धडधडणाऱ्या डोळ्यासाठी मानेतली धमनीच बांधली होती. आज बहुतेकदा जांघेतून बारीक नळी नेऊन प्लॅटिनमच्या कॉइलने ती वाट बुजवतात. काही मंद जोडण्या आपोआपही बंद होतात, पण तोवर दाबावर नजर ठेवावीच लागते.

घरात कुणाचा एक डोळा दोन आठवड्यांनंतरही लाल असेल, तर उद्याच नेत्रतज्ज्ञाकडे न्या. एकाचे दोन दिसत असतील किंवा नजर कमी झाली असेल, तर आजच. दाब मोजून घ्या, आणि डोक्याला लागलेला मार व कानातला आवाज डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा.